पोकेमॉन गोल्डमध्ये सेव्ह टिकत नाही: कार्ट्रिजमधला सेल कसा बदलायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या कन्सोलची तीन जुनी कार्ट्रिज आहेत, पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर आणि एमराल्ड या गेमची. पोकेमॉन गोल्ड चालतं, खेळताना सेव्हही होतं, पण बंद करून पुन्हा लावलं की 'कंटिन्यू' गायब. सिल्व्हरमधला सेव्ह अजून शाबूत आहे. एमराल्ड लावल्या लावल्या बॅटरी संपल्याची सूचना देतं, तरी सेव्ह मात्र राहतो. सोल्डरिंगची फारशी सवय नाही, तेव्हा नवा बटन सेल जुन्या पट्ट्यांमध्ये सरकवून टेपने आवळला तर चालेल का?

टेप नको. का नको ते पुढे येईलच, पण आधी सिल्व्हरबद्दल, कारण तिन्हींपैकी घाई फक्त तिथे आहे. गोल्डमधला सेव्ह गेलेला आहे आणि तो कुठल्याही उपायाने परत येणार नाही. एमराल्डचा कुठे जात नाही. सिल्व्हरचा आज आहे, पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, आणि सेल काढला त्या क्षणी तो नक्की जाणार. म्हणून सिल्व्हरचं कार्ट्रिज उघडण्याआधी सेव्ह बाहेर काढून ठेवा.

गोल्ड-सिल्व्हरमध्ये सेव्ह असतो एसरॅममध्ये. ही मेमरी वीज असेतोवरच लक्षात ठेवते. गेम चालू असताना तिला कन्सोलकडून वीज मिळते, म्हणून सेल मेला तरी खेळताना सगळं ठीक वाटतं. कन्सोल बंद झाला की बोर्डावरची एक छोटी चिप मेमरीला सेलकडे वळवते आणि त्याच वेळी लिहिण्याचा मार्ग बंद करते. गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये याच सेलवर एक घड्याळही चालतं. ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक बोर्डावर स्वतंत्र दिसतो. दिवस-रात्र आणि वार त्याच्यावरच ठरतात. घड्याळ असलेल्या कार्ट्रिजमधला सेल लवकर मरतो तो यामुळेच. १९९० च्या दशकातल्या सुपर निन्टेन्डोच्या कित्येक कार्ट्रिजमध्ये मूळ सेल अजून सेव्ह धरून आहे आणि त्यानंतर आलेल्या कित्येक गोल्ड-सिल्व्हरचे सेल कधीच संपले, यात काही गूढ नाही.

हिशेब सोपा आहे. सीआर२०२५ सेलची क्षमता साधारण १६५ मिलीअँपिअर-तास. कार्ट्रिज बंद असताना १ मायक्रोअँपिअर ओढत असेल तर १,६५,००० तास, म्हणजे जवळजवळ १९ वर्षं. तेच २ मायक्रोअँपिअर झाले की साडेनऊच्या आत. इतक्या बारीक प्रवाहात बोर्डावर राहिलेला चिकट फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचं द्रव्य) किंवा ओलसर मळसुद्धा जमेस धरावा लागतो. कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कार्ट्रिजच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा.

मल्टीमीटर लावून सेल किती उरलाय ते कळेल, या भरवशावर राहू नका. लिथियम बटन सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत ३ च्या आसपास सपाट राहतं आणि मग एकदम घसरतं. २.९ व्होल्ट दिसले म्हणून दोन वर्षं निर्धास्त, असं होत नाही. उलट २.५ किंवा त्याखाली दिसलं तर मात्र दिवस भरलेत असं समजा. मेमरीला डेटा धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट लागतात, आणि सेलचं थोडं व्होल्टेज वाटेतल्या घटकांवरच खर्च होतं.

सेव्ह काढायला कार्ट्रिज वाचणारं उपकरण लागतं. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू सर्वांत सोयीचं, त्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. स्वतः जुळवणाऱ्यांसाठी सान्नीचा कार्ट रीडर आहे, त्याची रचना खुली आहे. व्होल्टेजची निवड आधी पाहा. गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कार्ट्रिजला ५ व्होल्ट, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला ३.३. एमराल्डला ५ व्होल्ट दिलेत तर चिप जायची भीती आहे.

वाचण्याआधी कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकाडीने पुसा. खोडरबर आणि पॉलिशपेपर वापरू नका, सोन्याचा थर फार पातळ असतो. सिल्व्हरची सेव्ह फाइल, घड्याळाची नोंद सोबत घेतली नसेल तर, बरोबर ३२,७६८ बाइटची आली पाहिजे. ती सलग दोनदा वाचा आणि दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का ते ताडून बघा. वेगळ्या आल्या, किंवा सगळीकडे एकच मूल्य भरलेलं दिसलं, तर संपर्क नीट बसलेला नाही. पुन्हा पुसून पुन्हा वाचा. शेवटी फाइल एखाद्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून तुमचा खेळाडू आणि पोकेमॉन खरंच दिसतात ना, ते बघा. ही खात्री सेल काढल्यावर करण्यात काही अर्थ नाही.

उपकरण न घेता सेव्ह वाचवायची एक युक्ती सांगितली जाते: कार्ट्रिजचं कवच काढून बोर्ड कन्सोलमध्ये लावायचा, कन्सोल चालू ठेवायचा आणि त्याच अवस्थेत सेल बदलायचा. तत्त्व चुकीचं नाही, मेमरीला तेव्हा कन्सोलकडून वीज मिळत असते. पण आपल्याकडे घरोघरी असतो तो दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न. त्याच्या टोकावर गळतीचं व्होल्टेज असू शकतं, आणि ते चालू कन्सोलला जोडलेल्या बोर्डावर टेकवणं म्हणजे एका सेव्हपायी कार्ट्रिज आणि कन्सोल दोन्ही पणाला लावणं. ज्याच्याकडे अर्थिंगवालं सोल्डरिंग स्टेशन आणि स्थिर हात आहे त्याने करावं. सवय नसलेल्याने करू नये.

आता टेप. मूळ सेलला दोन धातूच्या पट्ट्या (टॅब) स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात, म्हणजे क्षणभर मोठा प्रवाह सोडून वितळवून चिकटवलेल्या. त्या उचकटून त्यांच्यात नवा सेल दाबून बसवला की संपर्क फक्त दाबावर अवलंबून राहतो. कार्ट्रिज हातातून पडलं, नुसतं जोरात कन्सोलमध्ये सारलं, तरी टॅब क्षणभर सुटते. बंद असलेल्या मेमरीला तेवढा क्षण पुरतो. वर उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटून सेल आणि टॅबच्या मध्ये शिरतो. टेप लावलेलं कार्ट्रिज सहा महिने चालतं आणि नेमकं शेवटच्या जिमपाशी दगा देतं, तेव्हा लोक 'नवा सेल खराब निघाला' म्हणतात. सेल बहुतेक वेळा चांगला असतो.

दुसरा चुकीचा मार्ग म्हणजे साध्या सेलवर थेट सोल्डर करणं. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास असतं आणि लिथियम १८०.५ अंशाला वितळतं. आतला पडदा आणि कडेचं सील तर त्याच्या कितीतरी आधी खराब होतं. सेल फुगतो, गळतो, क्वचित फुटतोही. आणि यातलं काहीच झालं नाही तरी त्याचं आयुष्य कमी झालेलं असू शकतं, जे मीटरवर दिसत नाही.

म्हणजे सेल घ्यायचा तो टॅब लावलेलाच. नावातच माप आहे: सीआर२०२५ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, २.५ मिलिमीटर जाडी. गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलला हाच लागतो. एमराल्ड, रुबी, सफायरला सीआर१६१६. सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो ६४ च्या सेलवाल्या कार्ट्रिजला सीआर२०३२. पहिल्या पिढीच्या पोकेमॉनसाठी आणि इतर गेम बॉय कार्ट्रिजसाठी यादीवर विसंबू नका. उघडा, जुन्या सेलवर कोरलेला आकडा वाचा, मग खरेदीला निघा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. टॅबवाला सीआर२०३२ मिळणं सोपं, सीआर१६१६ साठी बहुधा ऑनलाइन मागवावं लागतं. पॅनासोनिक, मॅक्सेल, मुराता, रेनाटा यांपैकी घ्या, आणि विकणारा ओळखीचा असू द्या. नकली सेल सर्रास मिळतात.

सीआर२०२५ च्या जागी सीआर२०३२ बसवावा का, हे हमखास विचारलं जातं. क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने जास्त. जाडीही ०.७ मिलिमीटर जास्त. स्क्रू न लावता कवच बंद करून बघा. जोर न लावता बसलं तर खुशाल वापरा. कवच मध्ये फुगलेलं दिसलं तर नको, कारण तो दाब सतत बोर्डावर पडतो. एलआयआर२०३२ मात्र चुकूनही नको. तो चार्ज होणारा सेल आहे, पूर्ण चार्जला ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि कार्ट्रिजमध्ये त्याला चार्ज करणारं काही नसतं.

बाकी साहित्य थोडं आहे. गेम बॉयच्या कार्ट्रिजसाठी ३.८ मिलिमीटरचा गेमबिट स्क्रूड्रायव्हर, एमराल्डसाठी तीन पात्यांचा छोटा ट्राय-विंग. पेन वितळवून, साच्यासारखं दाबून स्क्रू काढण्याचा जुगाड इंटरनेटवर दिसतो. त्याने स्क्रूचं डोकं प्लास्टिकने भरतं आणि मग खरा बिटही बसेनासा होतो. कथील-शिशाचं ६०/४० किंवा ६३/३७ प्रमाणाचं ०.८ मिलिमीटर जाड सोल्डर, फ्लक्स, तांब्याची सोल्डर शोषणारी वात, बारीक चिमटा, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) आणि साफसफाईला तेच अल्कोहोल. आयर्नचं टोक सुईसारखं नको, चपटं हवं. सुईचं टोक उष्णता पोचवत नाही, मग माणूस जास्त वेळ दाबून धरतो आणि तिथेच पॅड (बोर्डावरचा सोल्डर लावायचा धातूचा ठिपका) उखडतं.

गेम बॉयच्या कार्ट्रिजचा एक स्क्रू काढला की पुढचं झाकण थोडं खाली सरकवून उचलायचं, सरळ वर ओढलं तर आतली बोटं मोडतात. बोर्डाचा फोटो काढा. सेलच्या दोन्ही बाजूंना बोर्डावर अधिक आणि उणे छापलेलं असतं. सेलची अक्षरं कोरलेली रुंद बाजू अधिक.

जुन्या सोल्डरवर थोडा फ्लक्स लावा आणि त्यावर नवं सोल्डर मिसळा. हे उलटं वाटतं, पण जुनं सोल्डर एकटं आळशीपणे वितळतं आणि नव्यात मिसळलं की पाण्यासारखं होतं. चिमट्याने टॅब अलगद धरून आयर्न टेकवा. सोल्डर चमकून पातळ झालं की टॅब आपण होऊन सुटते, तेव्हाच उचला. उणे बाजूला जास्त वेळ लागेल, कारण ती बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेली असते आणि तो उष्णता पिऊन टाकतो. तिथे तापमान वाढवण्यापेक्षा सोल्डर वाढवा. सेलखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं हा पॅड उखडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. बहुतेक बिघडलेली कार्ट्रिज इथेच बिघडलेली असतात.

दोन्ही पॅडवरचं जादा सोल्डर वातीने शोषून घ्या, अल्कोहोलने पुसा. सेल जिथे बसणार तिथे कॅप्टॉन टेपचा तुकडा लावा, म्हणजे सेलचं धातूचं अंग खालच्या वाहिन्यांना टेकणार नाही.

नव्या सेलच्या टॅब पुष्कळदा उभ्या पिनसारख्या असतात, भोकांत घालायच्या बोर्डांसाठी. गेम बॉयच्या बोर्डावर पॅड सपाट असतात, म्हणून टॅब आडव्या वाकवून जादा लांबी कापावी लागते. एका वेळी एकच टॅब कापा. दोन्ही टॅब एकाच कटरच्या पात्यात आल्या तर सेल शॉर्ट झाला. पॅडवर सोल्डरचा पातळ थर आधीच ठेवा, टॅबच्या टोकालाही लावा, मग टॅब ठेवून वरून आयर्न दोन-तीन सेकंद. पकडलं नाही तर आयर्न उचला, थंड होऊ द्या, पुन्हा प्रयत्न करा. सेलला बोट लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. राहिलेला फ्लक्स अल्कोहोलने पूर्ण काढा. वर मायक्रोअँपिअरचा हिशेब मांडला तो इथे कामाला येतो.

मीटरवर सेलच्या दोन टोकांत ३ ते ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. एसरॅम चिपच्या वीजपुरवठ्याच्या पायावरही बघा. २८ पायांच्या चिपमध्ये २८ वा पाय अधिक, १४ वा उणे. कार्ट्रिज बाहेर असताना तिथे सेलपेक्षा थोडं कमी व्होल्टेज दिसतं. शून्य दिसलं तर पॅड उखडलंय किंवा वाटेतली वाहिनी तुटलीय. अशा वेळी पॅडपासून निघणारी वाहिनी डोळ्याने शोधून पुढच्या घटकापर्यंत बारीक तार टाकता येते.

स्क्रू लावण्याआधी चाचणी घ्या. नवा गेम सुरू करा, सेव्ह करा, बंद करा, कार्ट्रिज बाहेर काढा आणि दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. लगेच लावून बघितलं तर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर सेव्ह टिकलेला दिसू शकतो आणि फसगत होते. 'कंटिन्यू' दिसलं की मग सिल्व्हरची जपून ठेवलेली फाइल उपकरणाने परत लिहा.

सेव्ह परत आला तरी घड्याळ चुकलेलं असेल. गोल्ड-सिल्व्हरमध्ये शीर्षकाच्या पडद्यावर खाली, सिलेक्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की वेळ बदलायचा पडदा येतो. तिथे पासवर्ड मागतात. तो खेळाडूचं नाव, ओळख क्रमांक आणि जवळचे पैसे यांवरून निघतो, आणि तो काढून देणारी गणकयंत्रं इंटरनेटवर आहेत. क्रिस्टलमध्ये बटणांचा क्रम वेगळा आहे.

नवा सेल काही आठवड्यांतच संपला तर पुन्हा सेल बदलू नका, गळती शोधा. आधी बोर्ड अल्कोहोलने नीट धुऊन वाळवा. मग सेलच्या वाटेवर जो रेझिस्टर आहे त्याच्या दोन टोकांतलं व्होल्टेज मोजा आणि त्याच्या किमतीने भागा. १० किलोओहमवर १० मिलिव्होल्ट पडत असतील तर प्रवाह १ मायक्रोअँपिअर. तिथे शेकडो मिलिव्होल्ट दिसत असतील तर एखादा कपॅसिटर किंवा खुद्द मेमरी चिप गेलेली असू शकते.

एमराल्डचं काम वेगळं आणि हलकं. त्यात सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, जी विजेशिवायही डेटा धरते; सेल फक्त घड्याळासाठी. म्हणून सूचना येते तरी सेव्ह जात नाही. बंद पडतात त्या वेळेवर चालणाऱ्या गोष्टी: बेरीची झाडं वाढत नाहीत, गेममधल्या शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते. पायऱ्या त्याच, सेल सीआर१६१६. जागा अडचणीची आहे, त्यामुळे चिमटा बारीक घ्या.

सेल बदलल्यावर सूचना जाते, तरी बेऱ्या वाढत नाहीत, आणि मग काम फसलं असं वाटतं. फसलेलं नसतं. नव्या सेलबरोबर घड्याळ शून्यापासून सुरू होतं आणि सेव्हमध्ये नोंदवलेली शेवटची वेळ त्याच्या वर्षानुवर्षं पुढची असते. घड्याळ तिथवर पोचेपर्यंत गेम कसलीच वाढ मोजत नाही. उपाय दोन: घड्याळ लिहू शकणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने कार्ट्रिजमधल्या घड्याळाची वेळ लिहायची, किंवा नवा गेम सुरू करायचा. रुबी-सफायरच्या सुरुवातीच्या प्रतींत एक वेगळाच दोष आहे, वर्षभर खेळल्यावर बेऱ्या वाढायच्या थांबतात. त्याचा सेलशी संबंध नाही. बॅटरीची सूचना येत नसेल आणि बेऱ्या थांबल्या असतील तर आधी तो दोष आठवा, आयर्न नंतर तापवा.

सेलच नको, त्याच्या जागी एफरॅम बसवावी, असाही सल्ला मिळेल. एफएम१८डब्ल्यू०८ सारखी ३२ किलोबाइटची चिप विजेशिवाय डेटा धरते. मूळ चिपचे २८ पाय उतरवून ती बसवणं हे वेगळ्या पातळीचं काम आहे, आणि प्रत्येक बोर्डावर ती जशीच्या तशी चालतेच असंही नाही. तुमच्या गोल्ड-सिल्व्हरला तर तिचा उपयोग नाही. घड्याळाला सेल लागतोच.

सेल खरेदी करण्याआधी कार्ट्रिज अस्सल आहे का तेही उघडून बघा. आपल्याकडे दुकानांत विकली गेलेली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची पुष्कळ कार्ट्रिज नकली होती. अस्सल फायररेड आणि लीफग्रीनमध्ये सेल नसतोच. उघडल्यावर सेल दिसला, किंवा चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा थेंब दिसला, तर ती प्रत नकली. त्यातला सेल बदलता येतो, पण अशा बोर्डांवर पॅड इतके तकलादू असतात की आयर्न नेहमीपेक्षा कमी वेळ टेकवावा. नकली गोल्डमध्ये कधी कधी स्फटिकच नसतो. तिथे सेल कितीही चांगला बसवला तरी कन्सोल बंद असताना घड्याळ पुढे सरकणार नाही.

काढलेल्या सेलच्या दोन्ही टॅबवर लगेच टेप गुंडाळा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. बटन सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेत दोन-तीन तासांतही जखम करतो. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.